शेअर्ड होस्टिंग घेताय? लिनक्स की विंडोज, सीपॅनल की दुसरे काही, हे असे ठरवा

नातेपुत्यातल्या एखाद्या कृषी सेवा केंद्राला, मंगल कार्यालयाला किंवा गावच्या बातम्या देणाऱ्या पेजला स्वतःची वेबसाइट काढायची आहे असे समजा. डोमेनचे नाव ठरते. होस्टिंग कंपनीच्या पानावर प्लॅन निवडायला गेले की प्रश्न येतात: लिनक्स की विंडोज? सीपॅनल की प्लेस्क? बहुतेक जण तिथे सर्वांत स्वस्त प्लॅन घेऊन मोकळे होतात.

पहिले वर्ष सहसा सुरळीत जाते. त्रास नंतर सुरू होतो. सवलत संपते आणि नूतनीकरणाचे बिल बरेच मोठे येते. ऐन गर्दीच्या दिवशी साइट उघडत नाही. साइट बनवून देणारा गाव सोडून गेलेला असतो आणि साइटच्या फाइल नेमक्या कुठे आहेत हे मालकालाच माहीत नसते. यातल्या बऱ्याच अडचणींचे मूळ पहिल्या दिवशी घाईत दिलेल्या उत्तरांत असते.

## थोडक्यात उत्तर

• साइट वर्डप्रेसवर किंवा पीएचपीवर चालणार असेल तर लिनक्स होस्टिंग घ्या. बहुतेकांसाठी हेच उत्तर आहे.
• जुने एएसपी डॉट नेटमधले सॉफ्टवेअर किंवा मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर लागत असेल तरच विंडोज घ्या.
• ठरवण्याचा क्रम लक्षात ठेवा: आधी साइटचे काम, मग कंट्रोल पॅनल, शेवटी ऑपरेटिंग सिस्टम.
• कोणतेही पॅनल घ्या, पण त्यातून संपूर्ण साइट बाहेर कशी काढायची हे पैसे भरण्याआधी विचारा.

आता यामागची कारणे एकेक करून पाहू.

## शेअर्ड होस्टिंग म्हणजे काय?

वेबसाइट म्हणजे शेवटी फाइल आणि डेटाबेस. त्या चोवीस तास चालू असलेल्या एका कॉम्प्युटरवर ठेवाव्या लागतात. त्या कॉम्प्युटरला सर्व्हर म्हणतात. संपूर्ण सर्व्हर एका दुकानाच्या साइटला परवडत नाही आणि त्याची गरजही नसते. म्हणून होस्टिंग कंपनी एकाच सर्व्हरवर शेकडो ग्राहकांच्या साइट ठेवते. हेच शेअर्ड होस्टिंग.

चाळ डोळ्यांसमोर आणली तर चटकन कळते. प्रत्येकाची खोली वेगळी, पण पाण्याची टाकी, जिना आणि विजेची लाइन सामाईक. भाडे कमी पडते ते यामुळेच. सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टम म्हणजे या चाळीचा पाया आणि आतली पाइपलाइन. ती भाडेकरूला रोज दिसत नाही. कंट्रोल पॅनल म्हणजे खोलीतला स्विचबोर्ड. ईमेल खाते काढणे, फाइल चढवणे, डेटाबेस बनवणे, बॅकअप घेणे ही सगळी कामे तिथूनच होतात.

याच्या पुढची पायरी म्हणजे व्हीपीएस. त्यात सर्व्हरचा ठरावीक हिस्सा तुमच्या एकट्याच्या नावावर असतो. तिथे पायापासून सगळे तुम्ही ठरवता आणि सांभाळण्याची जबाबदारीही तुमचीच असते.

## घरी विंडोज आहे, मग होस्टिंगही विंडोजचेच हवे का?

नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे. तुमच्या लॅपटॉपवर किंवा मोबाइलवर काय आहे याचा सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टमशी संबंध नसतो. लिनक्स होस्टिंगचे पॅनल क्रोममध्ये उघडते आणि विंडोजच्या लॅपटॉपवरून ते व्यवस्थित वापरता येते. लिनक्स शिकावे लागत नाही.

एक फरक मात्र जाणवतो. लिनक्समध्ये इंग्रजी फाइलनावातले मोठे आणि छोटे अक्षर वेगळे धरले जाते. घरच्या विंडोज कॉम्प्युटरवर नीट दिसणारा फोटो साइटवर चढवल्यावर दिसला नाही, तर आधी नावातली अक्षरे तपासा. फाइलचे नाव मोठ्या अक्षराने सुरू होत असेल आणि पानावर ते छोट्या अक्षराने लिहिले असेल, तर लिनक्सच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या फाइल आहेत. सगळी नावे छोट्या अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता ठेवली की हा प्रश्न येत नाही.

## विंडोज होस्टिंग कोणी घ्यावे?

जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाइट वर्डप्रेसवर आहेत आणि वर्डप्रेस पीएचपी भाषेत लिहिलेले आहे. पीएचपी, मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी आणि अपाची किंवा लाइटस्पीड हा संच लिनक्सवर वर्षानुवर्षे रुळलेला आहे. त्यामुळे दुकान, शाळा, बातम्या, हॉटेल, मंगल कार्यालय अशा साइटसाठी लिनक्स सोयीचे पडते. लिनक्सला परवान्याचे शुल्क नसते, विंडोज सर्व्हरला असते. तो फरक प्लॅनच्या किमतीत उतरतो.

विंडोजची गरज तीन ठिकाणी पडते. पहिले, जुन्या डॉट नेट फ्रेमवर्कवर किंवा त्याहून जुन्या एएसपीवर बनवलेली साइट. दुसरे, मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर वापरणारे सॉफ्टवेअर. तिसरे, ॲक्सेसच्या डेटाबेसवर चालणारे जुने काम. एखाद्या पतसंस्थेचे किंवा महाविद्यालयाचे जुने सॉफ्टवेअर या प्रकारातले असू शकते. अशा वेळी अंदाज बांधू नका. ज्याने सॉफ्टवेअर बनवले त्याला डॉट नेटची आवृत्ती विचारा. डॉट नेटची नवी आवृत्ती लिनक्सवरही चालते, जुने फ्रेमवर्क मात्र विंडोजवरच.

आणखी एक गोंधळ इथेच मिटवू. टॅलीसारखे अकाउंटिंगचे सॉफ्टवेअर ऑनलाइन ठेवायचे म्हणून विंडोज शेअर्ड होस्टिंग घेतले तर पैसे वाया जातील. ते डेस्कटॉपवर चालणारे सॉफ्टवेअर आहे. त्यासाठी विंडोजचा व्हीपीएस किंवा त्याच कामासाठी असलेली क्लाउड सेवा लागते.

## लिनक्स म्हटले, पण कोणते लिनक्स?

शेअर्ड प्लॅन घेणाऱ्याला ही निवड सहसा करता येत नाही. कंपनीने ती आधीच केलेली असते. तरीही विचारून ठेवावे, कारण ऑपरेटिंग सिस्टमलाही मुदत असते. मुदत संपली की सुरक्षेच्या दुरुस्त्या येणे थांबते आणि त्या चाळीतल्या सगळ्याच खोल्यांचे कुलूप कच्चे होते.

ही मुदत किती महाग पडू शकते हे सेंटॉसने दाखवले. अनेक वर्षे जगभरातल्या होस्टिंग कंपन्यांचे आवडते लिनक्स म्हणजे सेंटॉस. ते मोफत होते आणि रेड हॅटच्या सशुल्क लिनक्सशी जुळणारे होते. सेंटॉस ८ ला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळतील असे धरून अनेकांनी सर्व्हर त्यावर नेले. ८ डिसेंबर २०२० रोजी रेड हॅटने ती मुदत ३१ डिसेंबर २०२१ वर आणत असल्याचे जाहीर केले. आठ वर्षांचा भरवसा एका वर्षावर आला. सेंटॉस ७ चीही मुदत ३० जून २०२४ रोजी संपली.

ती जागा भरून काढायला दोन लिनक्स पुढे आली. क्लाउडलिनक्स कंपनीच्या पुढाकाराने अल्मालिनक्सची पहिली स्थिर आवृत्ती मार्च २०२१ मध्ये आली. सेंटॉसच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या ग्रेगरी कर्ट्झर यांनी सुरू केलेले रॉकी लिनक्स जून २०२१ मध्ये आले. आज होस्टिंगमध्ये नेहमी दिसणारी नावे अशी:

• अल्मालिनक्स ८: दुरुस्त्या २०२९ पर्यंत.
• अल्मालिनक्स ९: दुरुस्त्या २०३२ पर्यंत.
• उबुंटू २४.०४: नेहमीच्या पाच वर्षांच्या हिशेबाने २०२९ पर्यंत.
• क्लाउडलिनक्स: सशुल्क, खास शेअर्ड होस्टिंगसाठी बनवलेले.

कंपनीने उत्तरात "सेंटॉस ७" सांगितले तर पुढचा प्रश्न विचारा: त्यासाठी वेगळी सशुल्क दुरुस्ती सेवा घेतली आहे का? उत्तर गोलमोल आले तर दुसरी कंपनी बघा.

## पालखीच्या दिवशी साइट का बंद पडते?

आषाढी वारीत संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी बरडचा मुक्काम आटोपून सोलापूर जिल्ह्यात येते आणि नातेपुत्यात मुक्कामाला थांबते. गावच्या बातम्यांच्या साइटने त्या दिवशी पालखीच्या वेळेची, पार्किंगची किंवा वळवलेल्या वाहतुकीची माहिती टाकली आणि ती लिंक व्हॉट्सॲपच्या गटांत फिरू लागली, तर एरवी दिवसभरात येणारे वाचक काही मिनिटांत येऊ शकतात.

साध्या शेअर्ड सर्व्हरवर अशा वेळी दोन गोष्टी होऊ शकतात. एकतर तुमच्या गर्दीमुळे शेजारच्या साइट मंद होतात, किंवा शेजाऱ्याच्या गर्दीमुळे तुमची. क्लाउडलिनक्स हे २०१० पासून याच अडचणीवर काम करते. ते प्रत्येक खात्याला प्रोसेसर, मेमरी आणि डिस्कचा ठरावीक वाटा देते. चाळीत प्रत्येक खोलीला वेगळा मीटर आणि वेगळा फ्यूज बसवावा तसे हे आहे. शेजाऱ्याचा फ्यूज उडाला तरी तुमचा दिवा चालू राहतो. याशिवाय एका खात्याला दुसऱ्याच्या फाइल दिसू नयेत अशी भिंतही ते घालते. शेजारची साइट हॅक झाली तर हीच भिंत उपयोगी पडते.

मात्र तुमचा स्वतःचा फ्यूजही उडू शकतो. साइटवर "५०८" क्रमांकाची त्रुटी दिसली तर एका वेळी चालू असलेल्या प्रक्रियांची मर्यादा भरली असे समजावे. या मर्यादेला प्लॅनमध्ये एंट्री प्रोसेस म्हणतात. अनेक प्लॅनमध्ये ती २० च्या आसपास असते. २० म्हणजे फक्त २० वाचक असा त्याचा अर्थ होत नाही. गणित असे:

• पान तयार व्हायला अर्धा सेकंद लागत असेल तर २० प्रक्रियांतून सेकंदाला ४० पाने निघतात.
• जड थीम आणि डझनभर प्लगिनमुळे तेच पान २ सेकंद घेत असेल तर सेकंदाला १० च पाने निघतात.

म्हणजे त्याच प्लॅनमध्ये, त्याच पैशांत, साइट हलकी केली तर चौपट गर्दी झेपते. कॅश चालू असेल तर फरक आणखी मोठा पडतो. एकदा तयार झालेले पान साठवून तेच सगळ्यांना दिले जाते आणि पीएचपीची प्रक्रिया दर वेळी सुरू होत नाही. लाइटस्पीड सर्व्हर असलेल्या प्लॅनमध्ये वर्डप्रेससाठी त्याचे कॅश प्लगिन मोफत वापरता येते. यात्रा-जत्रा, निकाल, निवडणूक अशा दिवसांवर चालणाऱ्या साइटने प्लॅन घेताना "किती जीबी जागा" यापेक्षा "किती एंट्री प्रोसेस, किती मेमरी" हे आधी विचारावे.

"अनलिमिटेड" जागेचेही तसेच. तिथे फाइलच्या संख्येवर मर्यादा असते, तिला आयनोड म्हणतात. वर्डप्रेस प्रत्येक फोटोच्या अनेक लहान-मोठ्या प्रती बनवते. शिवाय प्रत्येक ईमेल ही स्वतंत्र फाइल असते. जागा रिकामी दिसत असताना "जागा भरली" असा संदेश आला तर बहुधा कारण हेच.

## कंट्रोल पॅनल: कोणते काय देते?

सीपॅनल. अमेरिकेत ह्यूस्टनमध्ये असलेल्या कंपनीचे, १९९० च्या दशकापासूनचे पॅनल. यूट्यूबवर सर्वाधिक शिकवण्या याच्याच सापडतात आणि दुसऱ्या कंपनीकडे जाताना हे पॅनल तिथेही असण्याची शक्यता मोठी. हे फक्त लिनक्सवर चालते. ग्राहकाला सीपॅनल दिसते आणि सर्व्हर सांभाळणाऱ्याला त्याचीच वरची पातळी, म्हणजे डब्ल्यूएचएम.

प्लेस्क. लिनक्स आणि विंडोज दोन्हींवर चालते. विंडोज शेअर्ड होस्टिंग घेतले तर बहुतेक वेळा हेच मिळते. अनेक वर्डप्रेस साइट एकाच जागेवरून अपडेट करण्याची सोय चांगली आहे.

डायरेक्टॲडमिन. २००३ पासूनचे कॅनडातले पॅनल. दिसायला साधे, सर्व्हरवर हलके आणि परवाना सीपॅनलपेक्षा स्वस्त. लहान होस्टिंग कंपन्या अलीकडे याकडे वळताना दिसतात.

कंपनीची स्वतःची पॅनल. होस्टिंगरचे एचपॅनल हे माहितीतले उदाहरण. नवख्याला सोपे वाटते, मोबाइलवरही नीट दिसते. मात्र ते त्याच कंपनीपुरते असते. दुसरीकडे जाताना पॅनलसकट खाते उचलून नेता येत नाही. फाइल आणि डेटाबेस वेगवेगळे घेऊन जावे लागते.

रोजच्या कामात ही सगळी पॅनल पुरेशी आहेत. फरक बघायचा तो पुढच्या चार गोष्टींत. पीएचपीची आवृत्ती स्वतः बदलता येते का? मोफत एसएसएल आपोआप नूतनीकरण होते का? बॅकअप स्वतः उतरवून घेता येतो का? आणि खात्याला दोन टप्प्यांचे लॉगिन लावता येते का?

पीएचपीचा मुद्दा किरकोळ नाही. पीएचपी ७.४ च्या दुरुस्त्या नोव्हेंबर २०२२ मध्येच थांबल्या, तरी अनेक साइट अजून त्यावर आहेत. पीएचपी ८.३ ला डिसेंबर २०२७ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार आहेत. एसएसएलचे म्हणाल तर लेट्स एन्क्रिप्टची नेहमीची प्रमाणपत्रे ९० दिवसांची असतात. पॅनल ती स्वतःहून बदलत नसेल तर दर तीन महिन्यांनी वाचकाला "ही साइट असुरक्षित आहे" असा इशारा दिसेल.

## सीपॅनलच्या प्लॅनचे दर का वाढले?

जून २०१९ पर्यंत सीपॅनलचा परवाना सर्व्हरमागे असे. एका सर्व्हरवर ५० खाती ठेवा की ५००, शुल्क तेवढेच. त्या महिन्यात कंपनीने खात्यांच्या संख्येवर शुल्क लावण्याचे जाहीर केले. १ खाते, ५ पर्यंत, ३० पर्यंत, १०० पर्यंत असे टप्पे झाले आणि १०० च्या वर प्रत्येक खात्याला वेगळे पैसे. त्यानंतरही दर वाढत गेले. याआधीच सीपॅनल आणि प्लेस्क ही दोन्ही पॅनल ओकली कॅपिटल या एकाच गुंतवणूक कंपनीच्या छत्राखाली आली होती.

स्वस्तात भरपूर खाती ठेवणाऱ्या कंपन्यांचे गणित त्यामुळे बिघडले. काहींनी दर वाढवले, काहींनी डायरेक्टॲडमिन घेतले, काहींनी स्वतःचे पॅनल बनवले. म्हणून एखाद्या प्लॅनमध्ये सीपॅनल असूनही तो फारच स्वस्त वाटला, तर नूतनीकरणाचा दर आधी वाचा आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून तीन वर्षांचा हिशेब करा. तुलना करायची ती या आकड्याची.

## मोफत पॅनल घ्यावे का?

हेस्टिया, सायबरपॅनल, व्हर्च्युअलमिन, एएपॅनल अशी मोफत पॅनल आहेत. ती सहसा स्वतःच्या व्हीपीएसवर बसवली जातात. पैसे वाचतात हे खरे. पण पॅनल म्हणजे सर्व्हरच्या सगळ्या किल्ल्यांचा जुडगा. त्यातच भोक पडले तर सगळ्या साइट एकदम जातात.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबरपॅनलमधली एक गंभीर त्रुटी उघड झाली आणि सुमारे २२ हजार सर्व्हर हल्ल्याच्या टप्प्यात आले. अनेकांच्या फाइल कुलूपबंद करून खंडणी मागितली गेली. ज्यांच्याकडे सर्व्हरच्या बाहेर बॅकअप होता ते सावरले. २०१८ मध्ये वेस्टा या मोफत पॅनलवरही हल्ले झाले होते. हेस्टिया हे त्याच वेस्टाच्या मूळ कोडमधून पुढे निघालेले पॅनल आहे.

यातून मोफत पॅनल वाईट असा निष्कर्ष काढायचे कारण नाही. दर आठवड्याला अपडेट बघणारा माणूस असेल तर ते घ्या. तसा माणूस नसेल तर कंपनीने सांभाळलेले शेअर्ड होस्टिंग जास्त सुरक्षित पडते.

## मराठी साइटसाठी काय वेगळे बघायचे?

पहिली गोष्ट डेटाबेसची. साइट दुसरीकडे हलवल्यावर मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हे दिसू लागली, तर बहुधा डेटाबेसचा कॅरेक्टर सेट चुकलेला असतो. मायएसक्यूएलमध्ये "यूटीएफ-८ एमबी-४" हा पर्याय निवडावा. त्याच्या जुन्या तीन बाइटच्या पर्यायात देवनागरी बसते, पण इमोजी बसत नाहीत. प्रश्नचिन्हे एकदा साठवली गेली की मूळ मजकूर परत येत नाही. म्हणून जुने होस्टिंग बंद करण्याआधी नव्या जागेवर चार-पाच मराठी पाने उघडून बघा.

दुसरी गोष्ट लिंकची. देवनागरी लिंक कॉपी केली की तिची लांबलचक इंग्रजी खुणांची माळ होते. प्रत्येक देवनागरी चिन्हासाठी, म्हणजे अक्षर आणि मात्रा वेगवेगळे धरून, ९ खुणा लागतात. "नातेपुते" या एका शब्दाच्या ७२ होतात. "नातेपुते पालखी सोहळा" एवढे तीन शब्द लिंकमध्ये ठेवले तर १६४. वर्डप्रेसची मर्यादा २०० ची आहे, त्यामुळे चौथा मोठा शब्द आला की लिंक मध्येच कापली जाते. व्हॉट्सॲपवर फिरवायच्या बातमीची लिंक दोन शब्दांत ठेवा किंवा इंग्रजी अक्षरांत लिहा.

तिसरी गोष्ट सर्व्हरच्या जागेची. वाचक माळशिरस, फलटण, पुण्यातले असतील तर सर्व्हर भारतात असावा. मुंबईतल्या सर्व्हरला गाठायला काही मिलिसेकंद पुरतात, अमेरिकेत जाऊन यायला २०० किंवा अधिक. यासाठी फार लांब शोधावे लागत नाही. २००५ पासूनची ईएसडीएस आणि २०१२ पासूनची माइल्सवेब या दोन्ही होस्टिंग कंपन्या नाशिकच्या आहेत, आणि अनेक परदेशी कंपन्याही मुंबईतला सर्व्हर देतात. घेताना "डेटा सेंटर" या रकान्यात भारत निवडला आहे ना, ते बघा. काही ठिकाणी तो आपोआप निवडलेला नसतो.

## बाहेर पडायचा रस्ता

खोली भाड्याने घेताना सामान बाहेर कसे काढायचे हे कोणी विचारत नाही. होस्टिंगमध्ये मात्र तोच प्रश्न सर्वांत आधी विचारावा.

सीपॅनलमध्ये संपूर्ण खात्याचा एकच बॅकअप बनतो. त्यात फाइल, डेटाबेस आणि ईमेल येतात. नवी कंपनी सीपॅनलची असेल तर तो तिथे तसाच उघडता येतो. डायरेक्टॲडमिन आणि प्लेस्कमध्येही सीपॅनलचे खाते आत घेण्याची सोय आहे. उलट दिशेने किंवा खासगी पॅनलमधून निघताना हाताने जास्त काम करावे लागते. वर्डप्रेस साइट फाइल आणि डेटाबेस घेऊन कुठेही नेता येते, पण जुने ईमेल बहुतेक वेळा विसरले जातात आणि होस्टिंग बंद झाल्यावर ते मिळत नाहीत.

डोमेन कोणाच्या नावावर आहे हेही आजच तपासा. साइट बनवणाऱ्याने स्वतःच्या ईमेलवर डोमेन घेतले असेल तर कागदोपत्री ते त्याचे आहे. त्यात त्याची वाईट भावना नसेलही, पण तो व्यवसाय बंद करून गेला तर दुकानाच्या पाटीवर, बिलबुकावर आणि गाडीवर छापलेले नाव तुमच्या हातातून जाते. डोमेन मालकाच्या ईमेलवर आणि मालकाच्या मोबाइल नंबरवर असावे. होस्टिंग डिझायनरकडे असले तरी चालेल.

## गावातल्या वेब डिझायनरने काय घ्यावे?

नातेपुते, अकलूज, फलटण अशा गावांत एकच माणूस वीस-तीस ग्राहकांच्या साइट सांभाळतो हे नेहमीचे चित्र. त्याच्यापुढे दोन वाटा असतात.

पहिली वाट रिसेलर होस्टिंगची. सर्व्हर कंपनी सांभाळते आणि तुम्ही डब्ल्यूएचएममधून ग्राहकांची खाती बनवता. रात्री दोनला सर्व्हर पडला तर जागे कंपनीने व्हायचे. वीस-तीस साइटसाठी ही वाट बहुधा पुरते.

दुसरी वाट स्वतःच्या व्हीपीएसची. इथे सुरुवातीचा क्रम पाळा: आधी पॅनल ठरवा, मग त्याला चालणारी ऑपरेटिंग सिस्टम. हेस्टिया डेबियन आणि उबुंटूवर बसते, अल्मालिनक्सवर बसत नाही. सीपॅनल अल्मालिनक्स, क्लाउडलिनक्स आणि उबुंटूवर चालते, डेबियनवर चालत नाही. पॅनल नेहमी कोऱ्या सर्व्हरवर बसवा. सीपॅनल एकदा बसवले की काढून टाकायची सोय नाही, सर्व्हरच पुन्हा पहिल्यापासून उभा करावा लागतो. आवडीचे लिनक्स आधी निवडून नंतर पॅनल शोधणाऱ्याचे काम दोनदा होते ते यामुळे.

स्वतःचा सर्व्हर चालवताना कायदेशीर बाजूही येते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर हल्ल्याची माहिती लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि सर्व्हरच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. नोंदी लवकर पुसल्या जातील अशी पॅनलची मांडणी असेल तर ती बदलून घ्या.

## कोणी काय घ्यावे?

• दुकान, शाळा, मंगल कार्यालयाची पाच-दहा पानांची साइट: लिनक्स शेअर्ड, सीपॅनल किंवा डायरेक्टॲडमिन, रोजचा बॅकअप.
• गावच्या बातम्यांची साइट: क्लाउडलिनक्स आणि लाइटस्पीड असलेला लिनक्स प्लॅन, भारतातला सर्व्हर.
• जुन्या डॉट नेट सॉफ्टवेअरवर चालणारी संस्था: विंडोज, प्लेस्क.
• वीस-तीस ग्राहक असलेला डिझायनर: रिसेलर होस्टिंग. सर्व्हर सांभाळता येत असेल तरच व्हीपीएस.

## पैसे भरण्याआधी विचारायचे सात प्रश्न

१. सर्व्हरवर कोणती ऑपरेटिंग सिस्टम आहे आणि तिची मुदत कधी संपते?
२. पॅनल कोणते? पुढे ते बदलले तर मला किती दिवस आधी कळवणार?
३. एंट्री प्रोसेस, मेमरी आणि आयनोडची मर्यादा किती?
४. पीएचपी ८.३ किंवा त्यापुढची आवृत्ती मला स्वतः निवडता येते का?
५. बॅकअप कधी होतो, कुठे ठेवला जातो आणि मी तो स्वतः उतरवून घेऊ शकतो का?
६. दुसऱ्या वर्षीचा दर जीएसटीसह किती?
७. सोडून जायचे ठरवले तर ईमेलसह सगळे घेऊन जायला किती दिवस मिळतील?

हे प्रश्न कंपनीच्या चॅटवर विचारा आणि उत्तरांचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. होस्टिंग आधीच घेतलेले असेल तर पाचव्या प्रश्नापासून सुरुवात करा: आज पॅनल उघडा, संपूर्ण बॅकअप उतरवा आणि तो पेन ड्राइव्हवर ठेवा.